बटाटावड्याएवढी सूर्यमाला आणि तिचा आकाशगंगेतला पत्ता

‘दुसऱ्या आकाशगंगेत सापडली दुसरी पृथ्वी!’ असा मथळा वर्षातून दोन-तीनदा तरी मोबाइलवर येऊन आदळतो. बातमी उघडून पाहावी तर ग्रह सापडलेला असतो आपल्याच आकाशगंगेत, तोही शेजारपाजारच्या एखाद्या ताऱ्याभोवती. समोरच्या चाळीत नवा भाडेकरू आला आणि पेपरात छापून आलं ‘परदेशात वस्ती’, असला हा प्रकार. चूक होते ती शब्दांमुळे. सूर्यमाला, आकाशगंगा आणि विश्व हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो.

तेव्हा आधी शब्द सरळ करू. एक तारा (कधी दोन-तीन) आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवलेले ग्रह, उपग्रह, लघुग्रह, धूमकेतू, धूळ हा सगळा संसार म्हणजे ग्रहमाला. आपल्या ताऱ्याचं नाव सूर्य, म्हणून आपली ती सूर्यमाला. असे हजारो कोटी तारे, त्यांच्या मधला वायू, धूळ आणि न दिसणारं कृष्णद्रव्य एकमेकांच्या ओढीने एकत्र राहिलं की ती दीर्घिका. आपल्या दीर्घिकेचं विशेषनाम आकाशगंगा. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी ही वेगळी दीर्घिका (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ मध्ये सापडला, आता खात्री झालेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांच्या घरात आहे, आणि ते सगळे आकाशगंगेतलेच आहेत. त्यामुळे ‘दुसऱ्या आकाशगंगेत ग्रह’ असं वाचलं की ‘दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह’ असं मनात दुरुस्त करून पुढे जावं.

सूर्यमाला आकाशगंगेत आहे, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ‘आत’ म्हणजे कशी? घरात खोली असते तशी? भिंत कुठे आहे? गोंधळ खरा इथे आहे, आणि तो आकड्यांनी सुटत नाही. २६,७०० प्रकाशवर्षं हा आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. म्हणून सगळं लहान करून मुंबईत मांडू.

वडा आणि फलाट

पृथ्वी-सूर्य अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्याला खगोलीय एकक म्हणतात. हे एक एकक आपण एक मिलिमीटर मानू. सूर्य आता केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा झाला, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही. पृथ्वी त्याच्यापासून एक मिलिमीटरवर, गुरू पाचवर, शनी साडेनऊवर आणि शेवटचा ग्रह नेपच्यून तीन सेंटिमीटरवर. नेपच्यूनची अख्खी कक्षा सहा सेंटिमीटर व्यासाची. एका बटाटावड्यात आठही ग्रह मावले.

हा वडा दादरला, बारा डब्यांची लोकल थांबते त्या फलाटाच्या एका टोकाला ठेवा. एक प्रकाशवर्ष म्हणजे ६३,२४१ खगोलीय एककं, आपल्या मापात ६३ मीटर. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. तो येतो २६८ मीटरवर, गाडी जिथे संपते साधारण तिथे, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. मधला सगळा फलाट रिकामा. व्याधाचा तारा अर्ध्या किलोमीटरच्या थोडा पलीकडे, अभिजित दीड किलोमीटरच्या पुढे, स्वाती सव्वादोन किलोमीटरवर. कृत्तिकांचा पुंजका २८ किलोमीटरवर, म्हणजे ठाण्याच्या पलीकडे. नुसत्या डोळ्यांनी जे तारे सुटे सुटे दिसतात, त्यांतले बहुतेक या मापात मुंबई-पुणे-नाशिक एवढ्या टापूतच आहेत. सगळी नक्षत्रं, सगळ्या राशी, सप्तर्षी, ध्रुव, सगळं काही.

आणि आकाशगंगेचं केंद्र? ते १,६९० किलोमीटरवर. मुंबईहून सरळ रेषेत जवळजवळ कोलकाता. कोलकात्याभोवती ३,१५० किलोमीटर त्रिज्येची एक चकती कल्पावी. ती आपली आकाशगंगा. केंद्रापासून कडेपर्यंतच्या वाटेवर आपण निम्म्याहून किंचित पुढे बसलेलो. ताऱ्यांची मुख्य दाटी ज्या थरात आहे त्याची जाडी साधारण हजार प्रकाशवर्षं, म्हणजे ६३ किलोमीटर, चर्चगेट ते विरार. या थराच्या बरोबर मधल्या पातळीपासून सूर्य साडेतीन-चार किलोमीटर वर आहे. हजारो किलोमीटर रुंद आणि त्रेसष्ट किलोमीटर जाड, म्हणजे भाकरी नव्हे, पापडच म्हणायचा.

इतक्या पसाऱ्यात वडा किती वेगाने सरकतो? सूर्य केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. ऐकायला प्रचंड वाटतं. आपल्या मापात ते वर्षाला पाच सेंटिमीटरांच्या आसपास येतं. वडा वर्षभरात स्वतःच्या रुंदीएवढाही सरकत नाही. योगायोगाने भारतीय भूखंडही उत्तरेकडे जवळपास याच गतीने, वर्षाला पाचेक सेंटिमीटर, सरकतो आहे. या चालीने केंद्राभोवतीची एक फेरी पूर्ण व्हायला २२ ते २५ कोटी वर्षं लागतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्या लाव्हारसाची बनली, तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड होत होता. तेव्हापासून आजवर सूर्याने पाव फेरीहून थोडीच जास्त मजल मारली आहे. मागची फेरी सुरू झाली तेव्हा पृथ्वीवर पहिले डायनासोर नुकते अवतरत होते. सूर्याचं वय सुमारे ४५७ कोटी वर्षं, म्हणजे आजवर फेऱ्या झाल्या वीसेक.

कोण कोणाभोवती फिरतं

इथे एक ठरलेली चूक होते. ग्रह सूर्याभोवती फिरतात, तसा सूर्य केंद्रातल्या कृष्णविवराभोवती फिरतो, असं शाळेतल्या तक्त्यांपासून रील्सपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. केंद्रात महाकाय कृष्णविवर आहे, यात वाद नाही. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट. त्याभोवती गरगरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग काढून ते मोजणाऱ्या आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना २०२० चं नोबेल मिळालं, आणि १२ मे २०२२ रोजी त्याचं चित्र प्रसिद्ध झालं. पण ४३ लाख पट ऐकून दबून जायचं कारण नाही. सूर्याला २३० किलोमीटरच्या वेगाने वर्तुळात धरून ठेवायचं, तर त्याच्या कक्षेच्या आत एकूण किती वस्तुमान हवं? हिशेब सोपा आहे: वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. उत्तर येतं सूर्याच्या दहा हजार कोटी पट. त्यात कृष्णविवराचा वाटा ०.००४ टक्के. उद्या ते कृष्णविवर कोणी उचलून नेलं, तरी सूर्याच्या कक्षेत जाणवण्यासारखा फरक पडणार नाही. आपल्या मापात ते कोलकात्यात पडलेला बारीक रव्याच्या कणाहून लहान ठिपका आहे.

सूर्यमालेत सूर्य हा एकटा मालक. एकूण वस्तुमानाचे ९९.८६ टक्के त्याच्याकडे, बाकीच्यांनी त्याच्याभोवती फिरायचं. आकाशगंगेत असा मालक नाही. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर तुम्हाला पुढे नेणारा कोणी एक माणूस नसतो. अख्खी गर्दी तुम्हाला नेते. सूर्याला फिरवते ती आतल्या सगळ्या ताऱ्यांची, वायूची आणि कृष्णद्रव्याची एकत्रित ओढ.

हा फरक वेगात चक्क दिसतो. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, नेपच्यून जेमतेम साडेपाच. मालकापासून जेवढं लांब तेवढं संथ. आकाशगंगेत असं होत नाही. आपल्या दुप्पट अंतरावरच्या ताऱ्यांचा वेग सूर्यमालेच्या नियमाने १६५ च्या खाली यायला हवा. प्रत्यक्षात तो २०० च्या वरच भरतो. व्हेरा रुबिन यांनी १९७० च्या दशकात इतर दीर्घिकांत हेच दाखवलं, आणि दिसणाऱ्या ताऱ्यांच्या पलीकडे न दिसणारं वस्तुमान आहे हे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ते नेमकं कशाचं बनलं आहे, हे अजून कोणाला सापडलेलं नाही.

सगळे शेजारी जवळपास त्याच वेगाने त्याच दिशेला चालले आहेत, म्हणून २३० चा वेग आपल्याला जाणवत नाही. धावत्या लोकलमधल्या माणसांसारखं हे आहे. गाडी सुसाट, पण आत माणसं दाराकडे इंच इंच सरकताहेत. शेजारच्या ताऱ्यांच्या हिशेबात सूर्याचं असं सरकणं सेकंदाला सुमारे २० किलोमीटर आहे, शौरी तारकासमूहाच्या रोखाने, अभिजितापासून फार लांब नाही. फलाटावरचा वडा शेजाऱ्यांच्या मानाने वर्षाला चार मिलिमीटर हलतो. शिवाय तो पापडाच्या मधल्या पातळीच्या वर-खाली डुलत जातो. वर जाऊन खाली येऊन पुन्हा मूळ जागी यायला सहा-सात कोटी वर्षं लागतात.

आकाशगंगेच्या चकतीत ताऱ्यांचे वळणदार पट्टे आहेत, त्या सर्पिल भुजांबद्दल थोडक्यात. सूर्य धनू आणि ययाती या दोन मोठ्या भुजांच्या मधल्या एका छोट्या भुजेत आहे, तिला मृगाची भुजा म्हणतात. भुजा म्हणजे पंख्याची पाती नव्हेत, की त्यातले तारे कायम त्यातच अडकलेले. द्रुतगती मार्गावर कोंडी तासभर त्याच वळणावर असते, गाड्या मात्र बदलत राहतात. भुजांचं बरंचसं तसंच आहे.

हद्द एक नाही, तीन

सूर्यमाला संपते कुठे? ‘नासाचं व्हॉयेजर-१ हे यान सूर्यमालेबाहेर गेलं’ ही बातमीही एकदा नव्हे, अनेकदा येऊन गेली. उत्तर तुम्ही हद्द कशाने मोजता त्यावर आहे.

ग्रहांनी मोजलीत तर हद्द तीन सेंटिमीटरवर, वड्याच्या कडेला.

वाऱ्याने मोजलीत तर पुढे जावं लागेल. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत सुटत असतो, वेग सेकंदाला चारशे किलोमीटरच्या आसपास. हा सौरवारा ताऱ्यांमधल्या विरळ वायूला मागे ढकलून स्वतःसाठी एक फुगा तयार करतो. त्याची रचना पाहायला स्वयंपाकघरात जा. सिंकमध्ये ताट पालथं ठेवून नळाची बारीक, संथ धार त्याच्या मधोमध सोडा. पाणी पडतं तिथून चहूबाजूंना पातळ, गुळगुळीत थर झपाट्याने पसरतो. मग ठरावीक अंतरावर एक गोल कडा उभी राहते आणि तिच्या पलीकडे पाणी एकदम जाड आणि मंद होतं. धार वाढवा, कडा बाहेर सरकते. सौरवाऱ्याचंही असंच होतं: आत सुसाट, मग एका धक्क्याच्या कडेवर वेग अचानक कोसळतो, त्यापलीकडे मंद, तापलेला, गोंधळलेला वारा, आणि शेवटी ती सीमा जिथे सूर्याचा वारा संपून आकाशगंगेचा वायू सुरू होतो. व्हॉयेजर-१ ने धक्क्याची कडा डिसेंबर २००४ मध्ये ९४ एककांवर ओलांडली आणि शेवटची सीमा २५ ऑगस्ट २०१२ रोजी १२१ एककांच्या पुढे. व्हॉयेजर-२ ने ती ५ नोव्हेंबर २०१८ रोजी ११९ एककांवर ओलांडली. आपल्या मापात बारा सेंटिमीटर. वडा ज्या बशीत ठेवला त्या बशीची कड.

सीमा ओलांडली हे कळलं कसं, ते मोठं गमतीचं आहे. व्हॉयेजर-१ वरचं कणांची घनता थेट मोजणारं उपकरण १९८० मध्येच बंद पडलं होतं. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठा उद्रेक झाला, त्याची लाट वर्षभर प्रवास करून यानापर्यंत पोचली आणि तिने भोवतालचे इलेक्ट्रॉन हेलकावले. हेलकाव्याची वारंवारता घनतेवर ठरते. तंबोऱ्याच्या तारेचा स्वर ताणावर ठरतो तशी. स्वरावरून घनता निघाली दर घनसेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन, सीमेच्या आत अपेक्षित असते त्याच्या चाळीसेक पट. बाहेर जास्त दाटी, आत कमी! फुगा आतून पोकळ आहे, म्हणजे यान बाहेर पडलं आहे. हे ठरून जाहीर व्हायला सप्टेंबर २०१३ उजाडलं.

हा फुगा आपल्या उपयोगाचा आहे. आकाशगंगेत कुठे कुठे फुटलेल्या ताऱ्यांपासून निघालेले वैश्विक किरण आपल्या दिशेने येतात, त्यांतले निम्म्याहून बरेच जास्त या फुग्यातल्या चुंबकीय क्षेत्रामुळे बाहेरच्या बाहेर वळतात. सूर्य जोरात असतो त्या वर्षांत पृथ्वीवर वैश्विक किरण कमी पोचतात, मंद असतो तेव्हा जास्त. सूर्यमाला आणि आकाशगंगा यांच्यातली ही देवघेव दर अकरा वर्षांच्या सौरचक्राबरोबर मापकांवर नोंदली जाते.

आता तिसरी हद्द, गुरुत्वाकर्षणाची. दीर्घ मुदतीचे धूमकेतू आकाशाच्या सगळ्या बाजूंनी येतात, आणि त्यांच्या कक्षा मागे ताणत नेल्या तर त्या फार दूर जाऊन मिटतात. यावरून १९५० मध्ये यान ऊर्ट यांनी अनुमान काढलं की सूर्याभोवती बर्फाळ गोळ्यांचं एक प्रचंड गोल आवरण असणार. त्याला ऊर्ट मेघ म्हणतात. ते थेट कोणी पाहिलेलं नाही. आतली कड दोन ते पाच हजार एककांवर, बाहेरची एक लाख एककांच्या आसपास. आपल्या मापात दोन-पाच मीटरपासून शंभर मीटरपर्यंत, म्हणजे फलाटाच्या एक तृतीयांशाहूनही पुढे! व्हॉयेजर-१ आज सतरा सेंटिमीटरांच्या आसपास आहे. या आवरणातून पार व्हायला त्याला अजून अठ्ठावीसेक हजार वर्षं लागतील. तेव्हा ‘सूर्यमालेबाहेर गेलं’ ऐवजी ‘सौरवाऱ्याबाहेर गेलं’ म्हणावं.

याच बाहेरच्या कडेवर आकाशगंगेची सत्ता सुरू होते. तिथे सूर्याची पकड इतकी ढिली की गोळे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर रेंगाळतात. विमान त्याहून वेगाने जातं. आकाशगंगेची चकती प्रत्येक गोष्टीला आपल्या मधल्या पातळीकडे खेचते, पण जे जास्त वर आहे त्याला थोडं जास्त आणि जे खाली आहे त्याला थोडं कमी. चंद्राच्या ओढीतल्या अशाच फरकाने मुंबईच्या समुद्राला भरती येते. इथे अख्ख्या ऊर्ट मेघाला येते. लाखो वर्षं हा हलका ताण पडत राहिला, की एखाद्या गोळ्याची कक्षा हळूहळू लांबट होते आणि तो एक दिवस धूमकेतू म्हणून आत येतो. हेच काम जवळून जाणारा ताराही करतो. ग्लीझ ७१० नावाचा तारा आज ६२ प्रकाशवर्षांवर आहे आणि सुमारे १३ लाख वर्षांनी तो सूर्यापासून साडेदहा हजार एककांच्या आसपास येईल. वड्यापासून दहा-अकरा मीटर. ग्रहांना त्याचं काही वाटणार नाही. ऊर्ट मेघात मात्र तो दांडगाई करेल.

तेव्हा खोली आणि भिंत ही कल्पना सोडून द्यायची. एकाच जागी तुम्ही सूर्याच्या वाऱ्याबाहेर आणि सूर्याच्या ओढीत असू शकता, आणि या सगळ्या वेळी आकाशगंगेत तर असताच.

बाहेरून आत काय येतं

सध्या सूर्यमाला ताऱ्यांमधल्या एका विरळ ढगातून चालली आहे. ढग म्हणायचं, पण दर घनसेंटिमीटरला एक अणूही नाही. हा ढग स्वतः एका मोठ्या, जवळपास रिकाम्या पोकळीत आहे. सुमारे हजार प्रकाशवर्षं रुंदीची ही पोकळी एकामागोमाग फुटलेल्या ताऱ्यांनी कोरली.

त्या स्फोटांची राख आपल्या समुद्राच्या तळाशी आहे, आणि हा पुरावा फार देखणा आहे. लोह-६० हा लोखंडाचा किरणोत्सारी प्रकार मोठ्या ताऱ्यांत तयार होतो. दर २६ लाख वर्षांनी त्यातला अर्धा नाहीसा होतो. पृथ्वी ४५० कोटी वर्षांहून जुनी, म्हणजे जन्माच्या वेळचा सगळा लोह-६० कधीच संपला. तरी खोल समुद्रात दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्याच वाढणाऱ्या खनिजांच्या थरांत तो सापडतो, आणि नेमका वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरात जास्त. चंद्रावरून आणलेल्या मातीतही सापडला. म्हणजे त्या काळात जवळपास कुठेतरी तारा फुटला आणि त्याची धूळ सौरवाऱ्याचा फुगा भेदून इथवर आली.

दुसऱ्या ताऱ्यांकडून भरकटत आलेले मोठे पाहुणेही येतात. ओउमुआमुआ २०१७ मध्ये दिसला, बोरिसोव्ह धूमकेतू २०१९ मध्ये आणि तिसरा, थ्री-आय/ॲटलस, १ जुलै २०२५ रोजी. पहिला अभिजिताच्या बाजूने आला, म्हणजे ज्या दिशेला आपण चाललो आहोत तिकडूनच. चालत्या गाडीला पाऊस समोरच्या काचेवर जास्त लागतो तसं. तिसरा आला धनू राशीकडून, सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सूर्याला त्याला धरून ठेवणं शक्यच नव्हतं.

तिरकी चकती आणि तो व्हिडिओ

ग्रहांच्या कक्षांचं प्रतल आणि आकाशगंगेचं प्रतल यांच्यात साधारण ६० अंशांचा कोन आहे. चकतीत चकती सपाट ठेवलेली नाही. सूर्य ज्या वायूच्या ढगातून जन्मला त्याच्या स्वतःच्या गरगरण्यातून हा कल ठरला, आकाशगंगेशी त्याचा संबंध नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या प्रसिद्ध व्हिडिओत सूर्य पुढे धावतो आणि ग्रह शेपटीसारखे मागे फरपटत येतात. त्यातलं अर्धं खरं आहे: आकाशगंगेच्या हिशेबात ग्रहांचा मार्ग मळसूत्रासारखा होतो. शेपूट मात्र खोटी. कोन नव्वद नसून साठ असल्यामुळे वर्षातला निम्मा काळ पृथ्वी सूर्याच्या पुढे असते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती प्रवासाच्या दिशेने सूर्यापेक्षा साधारण साडेसात कोटी किलोमीटर पुढे असते, मार्चमध्ये तेवढीच मागे.

आकाशगंगेचे बाहेरून काढलेले ‘फोटो’ही असेच. बाहेर कॅमेरा गेलेलाच नाही, त्यामुळे ‘आपण इथे आहोत’ असा बाण दाखवणारी ती गोल चित्रं काढलेली असतात, टिपलेली नव्हे. त्यामागची मोजमापं मात्र पक्की आहेत. केंद्राच्या दिशेला धूळ इतकी की तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा एक लाख कोटीतला एक कण इथे पोचतो. रेडिओलहरी मात्र धुळीतून बिनबोभाट पार होतात, म्हणून हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवरून भुजांचे नकाशे बनले. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे, ती या लहरी ऐकू शकते.

गच्चीवरून चार दिशा

मुंबईच्या उजेडात आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, त्यासाठी अमावस्येच्या आसपास बदलापूर-वांगणीच्या बरंच पुढे जावं लागतं. पण दिशा ओळखायला पट्टा लागत नाही. ठळक तारे पुरतात.

केंद्र मूळ नक्षत्र, म्हणजे विंचवाची नांगी, आणि धनू राशीतल्या किटलीची चोच यांच्या मध्ये आहे. मुंबईहून ते दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त ४२ अंश वर येतं. जूनच्या मध्यरात्री ते सर्वांत उंच असतं आणि नेमका तेव्हाच पाऊस. म्हणून एप्रिलच्या मध्यात पहाटे चार-साडेचारला किंवा मेअखेर रात्री दीड-दोनला दक्षिणेला पाहावं. पावसानंतर ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी साडेसातला ते नैर्ऋत्येला कलतं.

त्याच ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पावणेआठच्या सुमारास, उत्तरेला उंचावर हंसाच्या शेपटीचा ठळक तारा असतो. सूर्यमाला सेकंदाला २३० किलोमीटरने साधारण त्या बाजूला चालली आहे. वायव्येला अभिजित, तिकडे २० किलोमीटरचं ते किरकोळ सरकणं. एका गच्चीवरून एका वेळी तीन गोष्टी.

केंद्राच्या उलट दिशेला, म्हणजे आकाशगंगेच्या जवळच्या कडेकडे पाहायचं तर जानेवारीच्या मध्यात रात्री साडेदहाला मान वर करा. ब्रह्महृदय आणि मृगातला तांबूस काक्षी यांच्या साधारण मध्ये अग्नी हा तारा आहे. उलट बिंदू त्याच्यापासून चारेक अंशांवर, हात लांब केला तर दोन-तीन बोटांवर. आणि एप्रिल-मेच्या रात्री स्वाती आणि उत्तरा यांच्या मधला डोक्यावरचा भाग इतका ओकाबोका का, तर तिथे आपण पापडाच्या जाडीतून थेट बाहेर पाहत असतो. तारे लवकर संपतात, आणि म्हणूनच दुर्बिणींना तिथे दूरच्या दीर्घिका ढिगाने सापडतात.

२०१२ च्या डिसेंबरात सूर्य आणि आकाशगंगेचं केंद्र एका रेषेत येणार आणि काहीतरी अघटित होणार, अशी आवई उठली होती. सूर्य केंद्राच्या दिशेजवळून दर वर्षीच जातो, १८ डिसेंबरच्या सुमारास. त्या दिवशी भर दुपारी सूर्य जिथे असतो, त्याच्या जेमतेम साडेपाच अंश खाली, उजेडामागे दडलेलं केंद्र असतं.